एकवीस पाळ्यांचं बिल

आमच्या दूध संघात महिन्याला तीन बिलं निघतात. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. उत्पादक त्याला बिल म्हणत नाहीत, दुधाचा पगार म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. आमच्या दुष्काळी भागात कितीतरी घरांत नियमानं येणारा तेवढाच एक पैसा असतो. १, ११ आणि २१ तारखेला सकाळची पाळी संपली की सगळ्या केंद्रांच्या नोंदी गोळा होतात, बिलाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला हिशोब विचारणारी सूचना, चालते, तिच्यातून बँकेची फाइल तयार होते. ती फाइल दुपारी बाराच्या आत बँकेत पोचली की संध्याकाळपर्यंत खात्यांवर पैसे. २०२० च्या शेवटी ही क्वेरी चालवायचं काम माझ्याकडे आलं.

तेव्हा ती बारा मिनिटांत संपायची. २०२३ पर्यंत पन्नास मिनिटं लागायला लागली. एका ११ तारखेला सव्वा तास झाला, फाइल साडेबाराला गेली आणि पगार एक दिवस पुढे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होती. कुणी आरडाओरडा केला नाही. एकानं फक्त विचारलं, "ताई, आज नक्की ना? पोराची फी भरायचीय." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सचिव म्हणाले, "मशीन मोठं घ्यायचं का, तेवढं सांगा. संचालक मंडळापुढे ठेवतो." मला उत्तर देता येईना. मशीन लहान पडतंय की आणखी काही बिघडलंय, हे मला माहीतच नव्हतं.

आकडे असे होते. साधारण १४,००० उत्पादक, दिवसाला दोन पाळ्या, म्हणजे रोज २८,००० नोंदी. वर्षाला एक कोटीच्या वर. तीन वर्षांत दूध संकलनाच्या टेबलमध्ये तीन कोटी नोंदी झाल्या होत्या. मी कॉलेजात शिकले ते १४ ओळींच्या 'एम्प' आणि ४ ओळींच्या 'डेप्ट' या सरावाच्या टेबलवर. तिथे कशीही क्वेरी लिहा, उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. तीन कोटी नोंदींवर काय होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस मी चुकीच्या वाटेनं गेले. क्वेरी हळू असेल तर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची, लावा, एवढं ठाऊक होतं, म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स लावले. फॅटवर, एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पाळीवर, केंद्रावर. बिलाची क्वेरी एका सेकंदानंही हलली नाही. उलट केंद्रांवरून तक्रार आली की पावती निघायला उशीर होतोय. साहजिकच होतं. प्रत्येक नवीन नोंद टेबलमध्ये गेली की तेवढ्या सगळ्या इंडेक्समध्येही लिहावी लागते. सकाळी थंडीत किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा वेळ मी वाढवून ठेवला होता.

मग मी थांबले आणि डेटाबेसलाच विचारायचं ठरवलं. आमच्याकडे पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लावलं की ती कशी चालवणार याचा अंदाज तो सांगतो. 'एक्सप्लेन ॲनालाइझ' लावलं की क्वेरी खरंच चालवून प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. हे दुसरं अपडेट किंवा डिलीटच्या पुढे लावलं तर ते अपडेट किंवा डिलीट खरोखर घडतं, म्हणून मी आधी बॅकअपवरून कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रत उभी केली. तिथेही एक धडा मिळाला. बॅकअपमधून डेटा परत आला तरी कोणत्या कॉलममध्ये काय काय आहे याची आकडेवारी आपोआप आली नव्हती, आणि क्वेरी कशी चालवायची याची योजना पोस्टग्रेस त्या आकडेवारीवरच ठरवतो. ती आकडेवारी गोळा करणारं नुसतं 'ॲनालाइझ' चालवायला मी विसरले आणि दोन दिवस भलत्याच योजनेवर डोकं फोडत बसले.

योजना वाचायची कशी हे कळायला आठवडा गेला. ती वरून खाली वाचायची नसते. सगळ्यात आत सरकलेली ओळ आधी घडते, मग तिच्या बाहेरची. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, किती नोंदी मिळतील असं वाटलं होतं आणि किती मिळाल्या. हे दोन आकडे जिथे फार लांब पडतात तिथे बोट ठेवायचं. आणखी एक गोष्ट मी बराच काळ चुकीची वाचत होते. ओळीत दिसणारा वेळ हा एका फेरीचा असतो, पुढे 'लूप्स' म्हणून फेऱ्यांचा आकडा असतो, आणि दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. माझ्या योजनेत एक ओळ होती, वेळ ६० मिलिसेकंद. मी ती सोडून देत होते. तिच्यापुढे लूप्स होते १४,०००. म्हणजे चौदा मिनिटं. आणि अशा तीन ओळी होत्या.

त्या तीन ओळी म्हणजे तीन कपाती. पशुखाद्य, उचल आणि ठेव. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी क्वेरी अशी लिहिली होती की एक उत्पादक घ्यायचा, त्याच्या पेंडीची बेरीज करायला पूर्ण कपातीचं टेबल पालथं घालायचं, उचलीसाठी पुन्हा एकदा, ठेवीसाठी पुन्हा. मग पुढचा उत्पादक. असं बेचाळीस हजार वेळा. सुरुवातीला कपातीचं टेबल लहान होतं तेव्हा हे खपून गेलं. त्या टेबलवर इंडेक्स होता, पण तो वापरला जात नव्हता. उत्पादकाचा कोड दुधाच्या टेबलमध्ये आकडा म्हणून होता आणि कपातीच्या टेबलमध्ये मजकूर म्हणून, पुढे शून्यं लावून, '००४२' असा. जुळवणी व्हावी म्हणून क्वेरी प्रत्येक वेळी मजकुराचा आकडा करत होती. इंडेक्स मजकुराच्या क्रमानं लावलेला आणि विचारणा आकड्याची, मग तो इंडेक्स असून काय उपयोग? मी दिसेल तिथे इंडेक्स लावत सुटले होते आणि हवा होता तो आधीपासूनच तिथे बंद पडून होता.

दुधाच्या टेबलचीही तीच गत. वेळेच्या कॉलमचं आधी मजकुरात रूपांतर करून मग तारखेशी तुलना केलेली होती. दहा दिवसांच्या नोंदी म्हणजे २ लाख ८० हजार, एकूण टेबलच्या एक टक्काही नाही. त्यासाठी दर वेळी तीनही कोटी नोंदी वाचल्या जात होत्या. किराणा दुकानात पावत्या तारेला ओवून ठेवतात तशा आमच्या नोंदी येतील त्या क्रमानं एकामागोमाग बसलेल्या आहेत. शेवटच्या दहा दिवसांच्या पावत्या हव्या असतील तर कुणी तारेच्या तळापासून सुरुवात करत नाही.

मी अट बदलली. कॉलमला हात लावायचा नाही, तो जसा आहे तसाच ठेवायचा आणि तारखांच्या दोन टोकांमध्ये शोधायचं. लिहिलं 'बिटवीन' १ तारीख आणि १० तारीख. क्वेरीचा हा भाग अर्ध्या सेकंदात आला. मला इतका आनंद झाला की मी सचिवांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, एकूण लिटर बघितले आणि म्हणाले, "हे कमी वाटतंय." सुमारे दहावा हिस्सा कमी होता. 'बिटवीन'मध्ये १० तारीख लिहिली की १० तारीख जिथे सुरू होते त्या रात्रीच्या बारापर्यंतच्याच नोंदी धरल्या जातात. दहाव्या दिवसाच्या दोन्ही पाळ्यांचं दूध गायब. म्हणून १ तारखेपासून पुढचं आणि ११ तारखेच्या आधीचं, असं लिहायचं. तेव्हापासून तारीख-वेळेच्या कॉलमवर मी 'बिटवीन' लिहिलेलं नाही.

आता एकूण जुन्या क्वेरीच्या बिलाशी जुळलं. जवळजवळ जुळलं. साडेसोळा लाख लिटरमध्ये २१२ लिटरचा फरक राहिला. इथे मी सोडून देणार होते. रात्रीचे आठ वाजले होते, २१२ लिटर म्हणजे काहीच नाही, कुठल्यातरी केंद्राची उशिरा आलेली नोंद असेल. पण मला एका मावशींची आठवण झाली.

त्या मावशी दोन-तीन महिन्यांपूर्वी कार्यालयात आल्या होत्या. पहाटे पाचला केंद्रावर दूध घालतात आणि तिथूनच कामाला जातात. हातात पिशवीत गुंडाळलेलं दुधाचं कार्ड होतं, सगळ्या पाळ्या त्यांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलेल्या. "बाई, माझ्या कार्डावर वीस पाळ्या हायत आणि तुमच्या बिलात एकवीस. मागच्या वेळी एकोणीस होत्या. मला जास्तीचं नको, पण माझं कमी पण करू नका." दहा दिवसांत एकवीस पाळ्या होऊच शकत नाहीत. मी कार्ड बघितलं, केंद्रावर फोन केला, ते म्हणाले मशीनमध्ये काहीतरी झालं असेल. मी मावशींना तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

त्या रात्री मी एकूण बेरीज बाजूला ठेवली आणि नोंदींच्या पातळीवर उतरले. जुन्या क्वेरीत आलेल्या पण नव्या क्वेरीत नसलेल्या नोंदी, आणि उलट. पोस्टग्रेसमध्ये 'एक्सेप्ट' म्हणून आहे, एका यादीतून दुसरी वजा करतं. मला वाटलं होतं पंधरा-वीस नोंदी निघतील. दोन्ही बाजूंना चौदाशेच्या आसपास निघाल्या. तेवढ्याच बाहेर गेल्या होत्या आणि तेवढ्याच आत आल्या होत्या, म्हणून बेरजेत फारसा फरक दिसत नव्हता.

यादी वेळेच्या क्रमानं लावली. एका बाजूला सगळ्या १ तारखेच्या, दुसऱ्या बाजूला सगळ्या ११ तारखेच्या. पहाटे ४:५०. ५:०५. ५:१२. ५:२८. ५:२९. साडेपाचनंतरची एकही नोंद नाही.

साडेपाच हा आकडा बघून अंगावर काटा आला. सात महिन्यांपूर्वी आमचा डेटाबेस कार्यालयातल्या मशीनवरून भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हलवला होता, आणि त्या सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे ११ तारखेची पहाट ५:१० असते तेव्हा त्या घड्याळात १० तारखेचे रात्रीचे ११:४० वाजलेले असतात. नोंदीत वेळ अचूक साठवली जात होती, पण तिचं तारखेत रूपांतर सर्व्हरच्या घड्याळानं होत होतं. म्हणून साडेपाचच्या आधी घातलेलं प्रत्येक दूध आदल्या दिवसाच्या नावावर जात होतं. माझ्या लॅपटॉपवरून तीच क्वेरी चालवली की जोडणी भारतीय वेळेची असायची, सर्व्हरवर चालली की जागतिक. एकच क्वेरी दोन उत्तरं देत होती आणि बिल निघत होतं ते सर्व्हरवरचं.

दूध हरवत नव्हतं. या बिलातून निसटलेलं मागच्या बिलात आधीच धरलेलं असायचं. पण २०२३ साली गाईच्या दुधाचे दर वरचेवर बदलत होते आणि दर बदलतो तो बिलाच्या पहिल्या दिवशी. ११ तारखेला दर वाढला असेल, तर पहाटे येणाऱ्यांच्या त्या दिवसाच्या दुधाला जुना, कमी दर लागत होता. आणि इतक्या लवकर कोण येतं? ज्यांना पुढे दुसऱ्याच्या रानात कामाला जायचं असतं ते. ज्यांच्याकडे एक-दोनच जनावरं आहेत ते. सात वाजता गाडीतून कॅन आणणाऱ्यांचं बिल कायम बरोबर निघत होतं.

सकाळी सचिवांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधी हे. वेगाचं नंतर बघू." सात महिन्यांची एकवीस बिलं, त्यातली चार दर बदलण्याच्या सीमेवरची. ती चारही आम्ही पुन्हा काढली. कुणाचे अकरा रुपये निघाले, कुणाचे चाळीस. ज्यांना कमी गेले होते त्यांना पुढच्या बिलात 'फरक' म्हणून द्यायचे आणि ज्यांना जास्त गेले त्यांच्याकडून काही कापायचं नाही, असं संचालक मंडळानं ठरवलं. मला तो निर्णय फार योग्य वाटला.

त्यानंतर वेगाकडे वळले. कपातींचे तीन हिस्से दुधाच्या नोंदींशी सरळ जॉइन करून, म्हणजे जोडून टाकले आणि पुन्हा आपटले. आता नवीन काही केलं की मी सगळ्यात आधी मावशींचं बिल उघडायचे, कारण त्यांचं कार्ड मी उतरवून घेतलं होतं. बिल उणे आलं. त्यांनी पेंडीची २ पोती नेली होती, बिलात ४० लागली होती. दुधाच्या वीस नोंदी आणि पेंडीच्या दोन, थेट जोडल्या की प्रत्येक पोतं वीस वेळा मोजलं जातं. आधी दुधाची बेरीज उत्पादकागणिक एक ओळ होईपर्यंत करायची, पेंडीची वेगळी, उचलीची वेगळी, आणि मग या एकेक ओळी जोडायच्या. तसं केलं आणि बेचाळीस हजार फेऱ्यांच्या जागी तीन फेऱ्या झाल्या.

कपातीच्या टेबलमधला कोड आकड्यात बदलून घेतला. तो बदल चालू असताना टेबल पूर्ण बंद राहतं, म्हणून दोन पाळ्यांच्या मधल्या दुपारी केला. वेळेच्या कॉलमवर मात्र नेहमीचा इंडेक्स लावला नाही. तीन कोटी नोंदींवर तो सहाशे एमबीच्या वर जातो. नोंदी वेळेच्याच क्रमानं बसत असतील तर 'ब्रिन' नावाचा इंडेक्स असतो. प्रत्येक नोंद न लिहिता तो ढिगाढिगाची पहिली आणि शेवटची वेळ लिहून ठेवतो. आमचा एक एमबीसुद्धा भरला नाही. फॅट-एसएनएफवरचे माझे जुने इंडेक्स काढून टाकले आणि केंद्रांवरच्या पावत्या पूर्ववत झाल्या.

दोन बारीक गोष्टी राहिल्या होत्या. मधल्या हिशोबासाठी क्वेरी एक तात्पुरतं टेबल करते. अशा टेबलांची आकडेवारी पोस्टग्रेसची आपोआप चालणारी यंत्रणा गोळा करत नाही. ते भरल्यावर हातानं 'ॲनालाइझ' द्यावं लागतं, नाहीतर अंदाज पार चुकतो आणि योजना बिघडते. दुसरं म्हणजे योजनेत नोंदी क्रमानं लावण्याच्या, म्हणजे 'सॉर्ट'च्या ओळीपुढे 'डिस्क' असं दिसत होतं. मूळ सेटिंगमध्ये एका सॉर्टला ४ एमबी मेमरी मिळते, त्यात आमच्या नोंदी मावत नव्हत्या, म्हणून त्या डिस्कवर जात होत्या. फक्त बिलाच्या वेळेपुरती ती ६४ केली. सगळ्यांसाठी कायमची वाढवली नाही, कारण ही मर्यादा प्रत्येक क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू होते आणि सकाळी शेकडो केंद्रं एकदम जोडलेली असतात.

पन्नास मिनिटांची क्वेरी ३८ सेकंदांत आली. मशीन तेच.

२०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारच्या दूध अनुदानाचं काम आलं, गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये. त्यासाठी जनावरांच्या कानातले टॅग आणि आधार जोडलेली बँक खाती लागत होती. ज्यांचे टॅग नोंदलेले नाहीत त्यांची यादी काढायला सांगितलं. कुणीतरी 'नॉट इन', म्हणजे 'या यादीत नसलेले', वापरून क्वेरी लिहिली, यादी रिकामी आली, सगळे खूश. मला ती रिकामी यादी बघून मावशींची एकवीसावी पाळी आठवली. मी चार ओळखीची नावं हातानं शोधली, त्यांतल्या दोघांचे टॅग नव्हते. टॅगच्या टेबलमध्ये एकाच नोंदीत उत्पादकाचा कोड कोरा, म्हणजे 'नल' होता. 'नॉट इन'च्या यादीत एक जरी नल असला तरी उत्तर कायम रिकामं येतं, कारण अमुक कोड त्या कोऱ्या जागेइतका नाहीच, हे डेटाबेस ठामपणे सांगू शकत नाही. त्याऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे 'ज्यांची जुळणारी नोंदच नाही', असं लिहिलं आणि साडेअकराशे नावं निघाली. त्या यादीवर विसंबून राहिलो असतो तर तेवढी घरं अनुदानाला मुकली असती.

बँकेच्या यादीशी नावं जुळवताना आणखी एक अडचण आली, ती आपल्या लिपीची. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एकात मुळातच वेगळं 'ऱ' अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पोस्टग्रेसच्या लेखी दोन वेगळी माणसं. आता नाव आत येतानाच आम्ही एका रूपात आणतो.

मावशींचा फरक निघाला होता २३ रुपये. बिलावर ती ओळ बघून त्या पुन्हा आल्या, हे कशाचे म्हणून विचारायला. मी कागदावर दोन घड्याळं काढून समजावलं, आपलं आणि सर्व्हरचं. त्यांनी कार्ड काढलं, नव्या बिलाशेजारी ठेवलं आणि बोट फिरवत वीसही पाळ्या मोजल्या. मग कार्ड पिशवीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "मी तवाच म्हनलं हुतं."

म्हशीच्या दुधाचा केंद्रनिहाय सरासरी फॅटचा अहवाल अजून ४० सेकंद घेतो. योजना छापून टेबलावर ठेवली आहे, आतून चौथ्या ओळीत अंदाज १ नोंदीचा आणि प्रत्यक्षात नव्वद हजार. आज दुपारी दोन पाळ्यांच्या मधे तिथे बघायचं आहे.